टर्बो पेट्रोल गाडीला एक्झॉस्टचा पाइप किती इंची घ्यावा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. तुमच्याकडे एक लिटरचे, तीन सिलिंडरचे टर्बो पेट्रोल इंजिन असलेली हॅचबॅक आहे. कंपनीने तिची ताकद ११० पीएस (जवळपास तेवढीच अश्वशक्ती) दिली आहे आणि रिमॅप करून, म्हणजे इंजिनाच्या संगणकातला प्रोग्राम बदलून, ती १४० पीएसच्या आसपास न्यावी असा तुमचा विचार आहे. एका गॅरेजवाल्याने टर्बोपासून टोकापर्यंत सरसकट तीन इंची पाइप टाकायला सांगितले. दुसऱ्याने नेमके उलट सांगितले, की पाइप मोठा केला तर बॅक प्रेशर, म्हणजे बाहेर जाणाऱ्या वायूला मागे रेटणारा दाब, जाईल, खालचा पिकअप मरेल, तेव्हा कंपनीच्या पाइपला हात लावू नका. गाडी रोज सोलापूर शहरात चालते, अधूनमधून पुण्याला जाते, आणि पाइप किती इंची घ्यावा एवढेच तुम्हाला हवे आहे.

मी सोलापुरातच सायलेन्सर आणि टर्बोच्या कामात आहे आणि हा प्रश्न माझ्यासमोर सतत येतो. माझ्या मते खरा प्रश्न इंचांचा नाही. टर्बाइनमधून, म्हणजे एक्झॉस्टच्या वायूने फिरणाऱ्या टर्बोच्या चाकातून, बाहेर पडलेल्या वायूला वाटेत किती अडथळा होतो, तो अडथळा नेमका कुठे आहे, आणि तुमच्या इंजिनातून जाणाऱ्या हवेच्या मानाने तो दूर करण्यासारखा आहे का, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर मिळाले की इंच आपोआप ठरतात. ते उत्तर मिळण्याआधी पाइप कापला तर पैसे जातात आणि गाडी फक्त आवाज करू लागते.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगून ठेवतो. ताकद खरोखर १४० पर्यंतच न्यायची आहे की पुढे मोठा टर्बो बसवायचा आहे, गाडीच्या पोटाखाली मागच्या अ‍ॅक्सलपाशी किती जागा आहे, रिमॅप करणारा माणूस बूस्टवर (टर्बो इंजिनात हवा कोंबतो त्या दाबावर) किती नियंत्रण ठेवू शकतो, आणि घरच्यांना प्रवासात किती आवाज चालतो, यांवर उत्तर थोडेफार बदलते. पण त्यामागचा विचार बदलत नाही, म्हणून तो नीट मांडतो.

बॅक प्रेशरचा गैरसमज आधी दूर करायला हवा, कारण तो सांगणारे लोक खोटे बोलत नसतात. ते एका प्रकारच्या इंजिनाचा अनुभव दुसऱ्याला लावत असतात. टर्बो नसलेल्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरमधून निघालेला वायूचा ठोका पाइपातून वेगाने पुढे जातो आणि त्याच्या मागे काही क्षण कमी दाब तयार होतो. हा कमी दाब पुढच्या सिलिंडरमधला जळका वायू ओढून काढायला मदत करतो. तिथे पाइप गरजेपेक्षा मोठा केला तर वायूचा वेग मंदावतो, ही ओढ कमी होते आणि खालच्या आरपीएमला गाडी ढिली पडते. म्हणजे तिथेही उपयोग वेगाचा असतो, दाबाचा नव्हे. परंतु बोलण्यात मात्र “बॅक प्रेशर पाहिजे” असेच रूढ झाले आहे.

टर्बो इंजिनात या ठोक्यांची बरीचशी ताकद टर्बाइनच्या चाकावर खर्च होते. चाकाच्या पलीकडे जो वायू येतो तो ढवळलेला आणि गोल फिरत असतो, आणि त्याच्याकडून सिलिंडर रिकामे करण्याचे काम करून घेण्यासारखे फारसे काही उरलेले नसते. त्याला कमीत कमी अडथळ्याने बाहेर जाऊ देणे एवढेच आपले काम. टर्बाइन फिरते ते तिच्या अलीकडचा दाब आणि पलीकडचा दाब यांच्या गुणोत्तरावर आणि वायूच्या तापमानावर, त्यामुळे पलीकडचा दाब जितका कमी, तितके तेच काम सोपे होते.

आकड्यांत पाहू. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंच आहे, त्यामुळे इथे हवेचा दाब १०१ नव्हे तर ९६ किलोपास्कलच्या जवळपास असतो. समजा टर्बाइनच्या अलीकडे २०० किलोपास्कल दाब आहे आणि पलीकडे पाइप, कॅट (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) आणि मफलर मिळून १४ किलोपास्कल, म्हणजे सुमारे २ पीएसआय, अडथळा आहे. पलीकडचा एकूण दाब ११० झाला आणि गुणोत्तर १.८२ आले. आता अडथळा ३४ किलोपास्कल, म्हणजे सुमारे ५ पीएसआय झाला, तर पलीकडचा दाब १३० होतो आणि गुणोत्तर १.५४ वर घसरते. तेवढाच बूस्ट हवा असेल तर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, वेस्टगेट (टर्बाइनला वळसा घालून वायू सोडणारी झडप) आणखी बंद करतो आणि अलीकडचा दाब २३६ पर्यंत चढल्यावर पुन्हा १.८२ मिळते. हे वाढलेले ३६ किलोपास्कल पिस्टनला प्रत्येक एक्झॉस्ट स्ट्रोकला ढकलावे लागतात, शिवाय सिलिंडरमध्ये जळका वायू जास्त उरतो, तापमान चढते, नॉकिंगची (मिश्रण अवेळी भडकण्याची) शक्यता वाढते आणि ईसीयू ठिणगीचे टायमिंग मागे घेतो. पलीकडे वाढलेले २० किलोपास्कल अलीकडे जवळजवळ दुप्पट होऊन इंजिनावर बसतात. टर्बो गाडीत टर्बोनंतरच्या पाइपला एवढे महत्त्व का, ते यावरून लक्षात यावे.

म्हणून दुसऱ्या गॅरेजवाल्याचा सल्ला तुमच्या इंजिनाला लागू नाही. टर्बोनंतरचा अडथळा कमी केला तर खालचा पिकअप मरत नाही. उलट टर्बो थोडा लवकर उचलतो. याचा अर्थ पहिल्याचे तीन इंच बरोबर आहेत असाही होत नाही.

आता हवेचा हिशोब. टर्बो पेट्रोल इंजिनाला दर १० अश्वशक्तीमागे मिनिटाला साधारण ४५० ग्रॅम हवा लागते असे मी धरतो. हा कामचलाऊ आकडा आहे, पण पाइप निवडायला पुरेसा आहे. १४० साठी मिनिटाला ६.३ किलो हवा, त्यात अर्धा किलो पेट्रोल, म्हणजे बाहेर पडणारा वायू सुमारे ६.८ किलो. टर्बाइनमधून बाहेर येताना तो पूर्ण ताकदीवर ७०० अंश सेल्सिअसच्या आसपास असेल तर त्याचे आकारमान सेकंदाला सुमारे ३२० लिटर होते. हा आकडा इंजिनाच्या सीसीवर नव्हे तर ताकदीवर ठरतो, हे लक्षात ठेवा. “एक लिटरच्या गाडीला एवढा पाइप कशाला” असे म्हणणारा टर्बोला विसरलेला असतो.

दीड मिलिमीटर जाडीचा पत्रा धरला तर दोन इंची पाइपचा आतला व्यास ४८ मिलिमीटरच्या जवळ, सव्वादोन इंचीचा ५४, अडीच इंचीचा ६०.५ आणि तीन इंचीचा ७३ मिलिमीटर येतो. वरचे ३२० लिटर त्यातून न्यायचे तर वायूचा वेग दोन इंचीत सेकंदाला १८० मीटर, सव्वादोन इंचीत १४०, अडीच इंचीत ११० आणि तीन इंचीत ७५ मीटर होतो. साडेतीन मीटर लांबी आणि चांगल्या प्रतीची पाच वळणे धरून, कॅट आणि मफलर सोडून नुसत्या पाइपचा अडथळा काढला तर तो दोन इंचीत २५ किलोपास्कल, सव्वादोन इंचीत १४, अडीच इंचीत ९ आणि तीन इंचीत ४ किलोपास्कलच्या जवळपास येतो. वायू पुढे जाताना थंड होत असल्याने प्रत्यक्षात हे आकडे थोडे कमी भरतात, पण त्यांचे एकमेकांशी असलेले प्रमाण टिकते.

या आकड्यांकडे नीट पाहा. दोन इंचीवरून सव्वादोन इंचीवर गेल्यावर ११ किलोपास्कल वाचतात. तिथून अडीचवर गेल्यावर ५ वाचतात. अडीचवरून तीनवर जायला आणखी अर्धा इंच खर्ची पडतो आणि वाचतात तेही पाचच. ज्यांच्या शेतात डाळिंबाला ठिबक आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको: दोन इंची मेनलाइनवर दम खाणारी मोटर अडीच इंचीवर मोकळी चालते, पण त्याच विहिरीला चार इंची लाइन टाकून पाणी वाढत नाही. सरळ पाइपात अडथळा व्यासाच्या जवळपास पाचव्या घाताने बदलतो, त्यामुळे लहान पाइप थोडासा वाढवला की फायदा मोठा होतो आणि पुरेसा मोठा असलेला पाइप आणखी वाढवून हाती फारसे लागत नाही.

टर्बोपासून टोकापर्यंत एकच माप ठेवायची गरज नसते, हेही बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. वायू टर्बाइनपाशी ७०० अंशांवर असतो. मागच्या चाकांपर्यंत पोहोचेपर्यंत तो साडेचारशे-पाचशेपर्यंत उतरतो. तापमान उतरले की आकारमान त्याच प्रमाणात घटते, साधारण पाऊण होते. अडीच इंची आणि सव्वादोन इंची पाइपांच्या आतल्या क्षेत्रफळाचे प्रमाणही असेच, पाच-चारच्या जवळ आहे. म्हणजे पुढे अडीच इंची आणि मागे सव्वादोन इंची ठेवला तर वायूचा वेग दोन्हीकडे जवळजवळ सारखाच राहतो. तुमच्या गाडीसाठी माझा कौल हाच आहे: टर्बाइनच्या फ्लँजपासून (बोल्टने आवळायच्या जोडपट्टीपासून) फ्लेक्सिबल जॉइंट आणि त्यापुढे मधल्या सायलेन्सरपर्यंत अडीच इंची, आणि तिथून टोकापर्यंत सव्वादोन इंची. जागा सहज मिळत असेल तर मागेही अडीच ठेवायला हरकत नाही, पण त्यासाठी अ‍ॅक्सलवरून जाणारे वळण दाबून चपटे करावे लागत असेल तर सव्वादोनचा गोल पाइप त्या अडीचच्या चपट्या पाइपापेक्षा नक्कीच चांगला.

या वळणांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त नुकसान तिथेच होते. आपल्याकडे सायलेन्सरच्या दुकानांत पाइप वाकवायचे जे हायड्रॉलिक मशीन असते, ते पाइपला बाहेरून दाबून वाकवते. पाइपच्या आत आधार नसल्याने वळणाच्या आतल्या बाजूला पत्रा गोळा होतो, बाहेरची बाजू बसते आणि गोल छेद अंडाकृती होतो. मागे एक टर्बो सेडान माझ्याकडे आली होती. दुसरीकडे तिला तीन इंची पाइप टाकला होता आणि मालकाची तक्रार अशी होती की साडेचार हजार आरपीएमनंतर गाडी ओढतच नाही. अ‍ॅक्सलवरचे वळण कापून कॅलिपर लावला, तर तीन इंची म्हणून विकलेल्या त्या पाइपची अरुंद बाजू आतून ४८ मिलिमीटर भरली. शिवाय आतल्या बाजूला तीन आडव्या वळ्या उभ्या होत्या आणि त्यांच्या कडांवर काजळी साचली होती. वाहणाऱ्या वायूला तो तीन इंची पाइप नव्हता. फक्त ते वळण आणि पुढचे एक वळण बदलले, बाकी पाइप तसाच ठेवला, तेव्हा गाडी वरपर्यंत ओढू लागली.

वळणे मँड्रेल बेंडची घ्यावीत, म्हणजे वाकवताना आत गोळी धरून वाकवलेली, ज्यात छेद गोल राहतो. ती मिळत नसतील तर सोपा मार्ग आपल्याच जिल्ह्यात आहे. दूध डेअरीच्या लाइनीसाठी जे स्टेनलेस स्टीलचे ३०४ ग्रेडचे तयार बेंड मिळतात ते बाहेरच्या व्यासाने मोजलेले, आतून गुळगुळीत आणि दीड-दोन मिलिमीटर जाडीचे असतात. त्यांतले ९० आणि ४५ अंशांचे बेंड आणि सरळ ट्यूब जोडून उत्तम एक्झॉस्ट तयार होतो. साखर कारखाने आणि डेअरीच्या कामामुळे आपल्याकडे पातळ स्टेनलेसवर स्वच्छ आर्गॉन वेल्डिंग करणारे कारागीर आहेत, त्यांना शोधा. वेल्डिंग करताना पाइपच्या आतूनही आर्गॉन सोडायला सांगा, नाहीतर सांध्याच्या आतल्या बाजूला काळे, दाणेदार धातूचे ओघळ तयार होतात. त्यांनी वायूही अडतो आणि सांधा तिथूनच तडकतो.

खरेदी करताना एक घोळ हमखास होतो. हार्डवेअरच्या दुकानात “अडीच इंची पाइप” मागितला की बहुधा एनबी मापाचा पाइप दिला जातो. एनबी हे नाममात्र माप आहे: दोन इंची एनबीचा बाहेरचा व्यास ६०.३ मिलिमीटर असतो आणि अडीच इंची एनबीचा ७३ मिलिमीटर. एक्झॉस्टची मापे मात्र बाहेरच्या व्यासाची असतात. अडीच इंच म्हणजे ६३.५ मिलिमीटर. शिवाय एनबी पाइप जाड असतो. अडीच इंची ट्यूब दीड मिलिमीटर जाडीत मीटरला सव्वादोन-अडीच किलो भरते, तर अडीच इंची एनबीचा शेड्यूल १० (जाडीचा एक वर्ग) चा पाइप पाच किलोंच्या पुढे जातो. असा पाइप गाडीखाली टांगला की रबरी हँगर महिन्याभरात लोंबतात आणि सगळा भार टर्बोच्या फ्लँजवर येतो. म्हणून दुकानात इंच न बोलता मिलिमीटर बोला, आणि कॅलिपर बरोबर घेऊन जा.

जाड पाइपला जागा एकच आहे, ती टर्बोच्या अलीकडची. ज्यांना मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरपासून टर्बोपर्यंतच्या नळ्यांचा जोड, बनवायचा आहे त्यांच्यासाठी सांगतो: तिथे विचार उलटा असतो. टर्बाइनपर्यंत वायू गरम आणि वेगात पोहोचायला हवा, म्हणून नळ्या आखूड आणि पोर्टच्या मापाच्या जवळपास ठेवाव्यात. त्या मोठ्या केल्या तर टर्बो उशिरा उचलतो. तुमच्या इंजिनासारख्या बऱ्याच नव्या छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनांत मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच ओतलेला असतो, तेव्हा तुम्हाला हा विषय सोडून देता येईल.

टर्बाइननंतरची पहिली दीड फूट लांबी, म्हणजे डाउनपाइप, ही सगळ्यांत महत्त्वाची. वायू इथे सर्वाधिक गरम, म्हणून सर्वाधिक फुगलेला आणि सर्वाधिक वेगात असतो. त्यातच वेस्टगेटमधून सुटलेला झोत आडवा येऊन त्याला भिडतो. इथे जागेअभावी कंपनीने पाइप चपटा केलेला असेल किंवा फ्लँजच्या भोकाशी जाड गॅस्केट आत डोकावत असेल, तर मागे कितीही मोठा पाइप टाका, फायदा दिसणार नाही. पैसे मर्यादित असतील तर ते आधी इथे खर्च करा. वेस्टगेटची झडप पूर्ण उघडली तरी डाउनपाइपच्या कडेला अडत नाही ना, हे बसवण्यापूर्वी हाताने फिरवून पाहायलाच हवे.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकू नका. ज्यांनी तुम्हाला तसे सुचवले असेल त्यांचे ऐकू नका. गाडीत असा बदल करणे बेकायदा आहे, आणि प्रदूषण व आवाजाची मर्यादा ओलांडणारी गाडी रस्त्यावर चालवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) खाली, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते आणि लायसन्सही तीन महिने अडकते. कायदा बाजूला ठेवला तरी ज्या रस्त्यावर आपली मुले सायकलने शाळेत जातात तिथे कॅट नसलेली गाडी चालवणे मला पटत नाही, आणि मी ते काम घेत नाही. १४० पीएससाठी त्याची गरजही नसते. चांगल्या स्थितीतला कंपनीचा कॅट एवढी हवा जाऊ देतो. तो आतून वितळलेला किंवा फुटलेला असेल तर तो बदलणे हा वेगळा आणि आवश्यक खर्च आहे.

अडथळा कुठे आहे हे अंदाजाने सांगायचे नसते, ते मोजता येते आणि मोजायला फार खर्चही येत नाही. डाउनपाइपवर, टर्बाइनपासून थोडे दूर आणि कॅटच्या अलीकडे, आत आटे असलेला छोटा बॉस वेल्ड करून घ्या. कॅटच्या अलीकडच्या लॅम्डा सेन्सरच्या (वायूतला ऑक्सिजन मोजणाऱ्या) जागी गेज लावू नका, कारण तो सेन्सर काढून पूर्ण थ्रॉटल दिला तर ईसीयूला मिश्रणाचा अंदाज राहत नाही आणि इंजिनाला धोका होतो. बॉसला एसी मेकॅनिककडे मिळणारी पाव इंची तांब्याची नळी लावा, दीड मीटर तरी लांब, दोन-तीन वेढे दिलेली, म्हणजे वायू गेजपर्यंत थंड होऊन पोहोचतो आणि काट्याची थरथरही कमी होते. पुढे शून्य ते एक बारचे, म्हणजे १०० किलोपास्कलपर्यंतचे, साधे गेज. हे गेज केबिनमध्ये आणू नका. सांधा गळला तर कार्बन मोनॉक्साइड आत येईल. बॉनेट आणि पुढची काच यांच्यामध्ये ते पक्के चिकटवा आणि काचेतून वाचा. चालवणाऱ्याने काट्याकडे पाहायचे नाही. शेजारच्याने मोबाइलवर चित्रण करावे. मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये दोन हजारांपासून वरपर्यंत पूर्ण थ्रॉटल द्या, आणि तो वेग जिथे सुरक्षित आणि कायद्यात बसणार नाही तिथे हे काम डायनोवरच (गाडी जागेवर चालवून ताकद मोजणाऱ्या रोलरवर) करा.

काटा १५ किलोपास्कलच्या आत राहिला तर त्या ताकदीला तुमचा एक्झॉस्ट पुरेसा आहे, पाइपला हात लावायचे कारण नाही. १५ ते २५ मध्ये असेल तर रिमॅपनंतर तो अडचण करेल, कारण ताकद ११० वरून १४० वर गेली म्हणजे वायू सव्वापट झाला आणि अडथळा जवळजवळ दीडपटीहून जास्त वाढला. ३० च्या वर गेला तर आज, कंपनीच्या ताकदीवरच, काहीतरी चोंदलेले किंवा दबलेले आहे. त्यानंतर कॅटच्या पलीकडच्या सेन्सरच्या जागेवर हीच नळी लावून पुन्हा मोजा. तो सेन्सर काही वेळ काढल्याने चेक लाइट लागेल, पण इंधनाचे मिश्रण बिघडत नाही. दोन आकड्यांतला फरक हा कॅटचा अडथळा, उरलेला मागच्या पाइपचा आणि मफलरचा. आता तुम्हाला नेमके कळले की पैसे कुठे घालायचे आहेत. कित्येकदा असे निघते की पाइप ठीक असतो आणि वायूला पडद्यांच्या कप्प्याकप्प्यांतून फिरवणारा मागचा मफलरच अर्धा अडथळा करत असतो. तो आरपार मफलरने बदलला की काम भागते.

तीन इंची तुमच्या गाडीला का नको, याची कारणे केवळ फायदा कमी एवढीच नाहीत. आपल्याकडच्या गतिरोधकांवर चार माणसे बसलेली हॅचबॅक आधीच खाली घासते. त्यात पोटाखाली अर्धा-पाऊण इंच आणखी खाली आलेला पाइप म्हणजे पहिल्याच आठवड्यात चेपलेला पाइप. तीन सिलिंडरच्या इंजिनात २४०० आरपीएमला सेकंदाला ६० ठोके पडतात; हा खर्जातला आवाज मोठ्या, पातळ पाइपात घुमतो आणि पुण्यापर्यंतचे अडीचशे किलोमीटर तो कानांत बसतो. टाकीजवळून आणि प्लॅस्टिकच्या भागांजवळून जाणाऱ्या मोठ्या पाइपला उष्णतेचे अंतर ठेवणेही कठीण होते. पुढे मोठा टर्बो बसवून दोनशेच्या वर जायचे निश्चित असेल तर तीन इंचीचा विचार योग्य ठरतो, नुसत्या शक्यतेसाठी नाही.

अडथळा कमी केल्याने एक नवा प्रश्नही उभा राहू शकतो. टर्बाइनला मोकळीक मिळाली की ती जास्त फिरू पाहते आणि छोटे अंतर्गत वेस्टगेट पूर्ण उघडूनही वरच्या आरपीएमला बूस्ट हळूहळू चढत जातो. कधी पी०२३४ हा ओव्हरबूस्टचा कोड येऊन गाडी लिंप मोडमध्ये जाते, म्हणजे ईसीयू ताकद मुद्दाम कमी करतो. म्हणून पाइपचे काम आधी आणि रिमॅप नंतर, हा क्रम मोडू नका. पाइप बसल्यावर मागितलेला बूस्ट, मिळालेला बूस्ट आणि वेस्टगेटची ड्यूटी (ते बंद ठेवायला ईसीयू देतो त्या आदेशाची टक्केवारी) यांचा लॉग, म्हणजे नोंद, घ्या. ड्यूटी पूर्वीपेक्षा कमी लागत असेल आणि बूस्ट तेवढाच मिळत असेल, तर पाइपने आपले काम केले. नुसता पाइप बदलून ताकद फारशी वाढलेली दिसणार नाही, कारण नव्या गाड्यांचा ईसीयू ठरवून दिलेल्या टॉर्कवरच थांबतो. फायदा दिसतो तो टर्बो लवकर उचलण्यात आणि रिमॅपला मिळणाऱ्या मोकळ्या जागेत.

डिझेलवाल्यांसाठी दोनच वाक्ये. डिझेलला तेवढ्याच ताकदीला हवा जास्त लागते पण बाहेर पडणारा वायू बराच थंड असतो, त्यामुळे आकारमान जवळजवळ तेवढेच येते आणि वरचीच मापे चालतात. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेलमध्ये मात्र डीपीएफ (काजळी अडवणारी गाळणी) आणि त्याचे दाबाचे सेन्सर असतात, त्यांना हात न लावता फक्त त्यांच्या मागच्या पाइपचा विचार करावा.

सोलापूरच्या उन्हाचाही यात भाग आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारी चाळिशीच्या वरची हवा इंजिनात जाते, ती विरळ असते, आणि तेवढाच बूस्ट द्यायला टर्बोला अधिक मेहनत करावी लागते. जानेवारीच्या सकाळी घेतलेला दाबाचा आकडा पाहून समाधान मानू नका. ट्यूनिंग करायचे तर ते उन्हाळ्यातल्या दुपारी चालेल असे करा. त्याआधी इंटरकूलरचे (टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीचे) होज गळत नाहीत ना, हे स्मोक टेस्टने, म्हणजे आत धूर सोडून, पाहून घ्या. गळक्या होजची गाडीही “एक्झॉस्ट दबतोय” अशीच वाटते आणि त्या दुरुस्तीला पाइपच्या खर्चाचा दशांशही लागत नाही.

बसवताना फुगवट्याला जागा ठेवा. ३०४ ग्रेडचा तीन मीटर पाइप ४०० अंशांनी तापला की सुमारे २० मिलिमीटर लांब होतो. ४०९ ग्रेडचा त्याहून बराच कमी वाढतो. तुमचे इंजिन आडवे बसवलेले असल्याने थ्रॉटल देताना ते पुढेमागे झुलतेही. फ्लेक्सिबल जॉइंट आत जाळीचे अस्तर असलेला घ्या, तो पाइपच्याच मापाचा असावा आणि बसवताना तो ताणलेला किंवा वाकलेला नसावा. हँगरचे रबर पाइप थंड असताना किंचित पुढे झुकलेले ठेवले की गरम झाल्यावर ते सरळ उभे राहते. पहिल्या काही दिवसांच्या चालवण्यानंतर फ्लँजचे नट थंड इंजिनावर पुन्हा आवळून घ्या.

तेव्हा आता पाइप विकत घेऊ नका. आधी बॉस बसवून कंपनीच्या एक्झॉस्टवर, कॅटच्या अलीकडे आणि पलीकडे, असे दोन आकडे घ्या आणि गाडीखालून अ‍ॅक्सलपाशी मोकळी जागा किती मिलिमीटर आहे ते मोजा. ते तीन आकडे आणि बूस्टचा लॉग मला कळवा, म्हणजे मागे सव्वादोन ठेवायचा की अडीच, आणि मफलर बदलायचा की राहू द्यायचा, हे आपल्याला नक्की ठरवता येईल.